बाण घुसला तर निघेल का?

परचुरेकाका कुठल्याही वस्तूकडे पाहताना आधी एकच विचार करतात : यात बाण घुसला तर बाहेर निघेल का? मागच्या महिन्यात मी नवा सोफा घेतला. काका शेजारधर्म म्हणून बघायला आले, गादीत अंगठा खुपसला आणि म्हणाले, "घुसेल. पण काढताना घाम फुटेल तुला." रंगाबद्दल चकार शब्द नाही.

सिंगापुरात वुडलँड्सला आमची दारं समोरासमोर आहेत. काका बुओना व्हिस्टाला एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचे मॅनेजर. माणूस इतका मऊ, की घरात झुरळ निघालं तर ते कागदावर घेऊन लिफ्टने खाली सोडून येतात. अशा शुद्ध शाकाहारी गृहस्थाने साठीच्या तोंडावर धनुष्यबाणाने शिकार करायला शिकावं, याचं कारण केतकी. त्यांची एकुलती एक मुलगी नोकरीसाठी न्यूझीलंडला गेली आणि सुट्टीच्या दिवशी धनुष्य घेऊन हरणांच्या मागे डोंगरात भटकू लागली. "बाबा, यू शुड कम लाह. पण आधी नीट प्रॅक्टिस कर," असं ती एकदा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत सहज म्हणाली. काकांनी ते सहज घेतलं नाही.

इथे शिकार कुठली करता येणार? काका शनिवारी सकाळी तिरंदाजीच्या रेंजवर जाऊ लागले. तिथल्या तरुण कोचने सांगितलं, शिकारीचाच सराव करायचा तर स्वतःचं टार्गेट आणून ठेवा. झालं, गाडी तिथेच अडकली.

टार्गेटचे प्रकार आता मला झोपेतही सांगता येतील. चिंध्या भरलेली बॅग असते. तिच्यातून बाण अलगद निघतो, पण शिकारीचं धारदार टोक लावलं की ती फाटते. फोमचा ठोकळा ते टोक सहन करतो, पण बाण उपसायला दोघं लागतात. आणि फोमचं अख्खं हरीण मिळतं. त्याच्यावर गोल काढलेले नसतात, नेम कुठे धरायचा ते आपलं आपण ओळखायचं. "टेस्टिंग प्रॉडक्शनसारखंच हवं," म्हणजे चाचणी खऱ्या वापरासारखीच हवी, हे काकांचं आयुष्याचं सूत्र. त्यामुळे त्यांचा ओढा हरणाकडे.

एका दुकानदाराने वापरलेलं हरीण ट्रायलवर दिलंसुद्धा. ते लिफ्टमधून वर येताना शेजारच्या चिनी आँटी आत होत्या. त्या हरणाकडे बघत म्हणाल्या, "अंकल, धिस वन कॅन ईट ऑर नॉट?" काकूंनी त्याच्या शिंगांवर पंचे वाळत घातले. शनिवारी काकांनी ते रेंजवर नेलं, धनुष्य ताणलं, बराच वेळ तसेच उभे राहिले आणि बाण न सोडता परत आले. दुकानदाराला परत देताना त्यांनी तक्रार लिहून दिली : डोळे फारच खरे आहेत.

मग पुन्हा पहिल्यापासून. बॅग की ठोकळा? मी कंटाळलो. कोच कंटाळला. "अंकल, बिगिनर वॉट. बॅग ऑलरेडी कॅन," म्हणजे नवशिक्याला बॅग पुरे, असं तो दर शनिवारी सांगायचा.

गेल्या रविवारी चहा पिताना काकांनी पुन्हा विषय काढला. मी मोबाइल उघडला आणि म्हटलं, "काका, ही घ्या बॅग. ऑर्डर करून टाकतो. मंगळवारी घरी येईल."

काकांनी झटकन माझ्या मोबाइलवर हात ठेवला. "नको रे."

"अहो, पण बॅगच बरोबर आहे. सगळे तेच सांगतायत."

"ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," काका म्हणाले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि कपात आणखी चहा ओतला.

"आधी आमचा फोन कसा व्हायचा माहितीय? जेवलीस का? येस. थंडी आहे का? ओके लाह, बाबा, बाय. संपलं. आता बॅग का ठोकळा म्हटलं की पोरगी तासभर बोलते. बाण कसा उपसायचा, वारा कसा ओळखायचा, मधेच ऑफिसातलं काहीतरी सांगते, एकटीने काय स्वयंपाक केला ते सांगते. टार्गेट घेतलं की प्रश्न मिटला. मग मी तिला काय विचारू?"

माझे वडील भारतातून फोन करून मला रोज इथलं हवामान का विचारतात, ते मला त्या क्षणी समजलं आणि मी मोबाइल बंद करून बाजूला ठेवला.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. केतकीच होती. काकांनी नेहमीप्रमाणे स्पीकर लावला.

"बाबा, टार्गेट घेतलंस?"

"नाही गं अजून. म्हणजे, आता घेईन म्हणतो—"

"डोन्ट बाय येट, हं." ती थोडी थांबली. मग सावकाश, शब्द जुळवत मराठीत म्हणाली, "घाई करू नको ना, बाबा. मला अजून एक शंका आहे."

काकांनी खुर्ची ओढून घेतली आणि नीट टेकून बसले. "विचार," म्हणाले. मी चहा अर्धा ठेवून उठलो आणि बाहेर पडताना दार हळूच लावून घेतलं.