गुलाबकाकीची गाज

आमच्या गल्लीत पोस्टमनला दोघांचीच धास्ती होती: कोपऱ्यावरचा कुत्रा आणि गुलाबकाकी. कुत्रा पाय धरायचा, काकी हात. त्याने सही मागितली, की ही बाई त्याचे दोन्ही हात पकडून फुगडीच घालायची. एकदा त्याची झोळी उलटली आणि पत्रं गल्लीभर झाली. त्या आठवड्यात सगळ्यांना सगळ्यांच्या खबरी कळल्या. पुढे तो लांबूनच ओरडायचा, "अम्माजी, आज नहीं, कमर अकड़ी है!"

काकी मालवणकडची. लग्न होऊन इंदूरला आली ती मिलमध्ये साच्यांवर कापड विणणाऱ्या दाजीकाकांच्या घरी, मिलच्या भिंतीला लागून. मी शेजारी, त्याच मिलमधला कारकून. इतकी वर्षं राहूनही तिची मालवणी सुटली नाही, फक्त तिला इंदुरी फोडणी बसली. "घट धर रे भिया, सोडलंस तर दोघांचीय टाळकी फुटतली!" हे भाजीवाल्यापासून आमच्या हेडक्लार्कपर्यंत सगळ्यांनी ऐकलंय. मी तर तिला पाहताच चपला टाकून पळायचो, तरी सापडायचोच.

फिरताना ती डोळे मिटायची. मग वय, वजन, गुडघे, सगळं कुठल्या कुठे जायचं.

एकदा धापा टाकत मी विचारलं, "काकी, यात मिळतं काय?"

"समुद्राची गाज. गरगर फिरला काय कानात येता."

नवी नवरी असताना तिला समुद्रावाचून झोप येत नसे. मग एके दुपारी भिंतीपलीकडच्या साच्यांची घरघर ऐकता ऐकता तिला वाटलं, ही आपलीच गाज, आणि डोळा लागला.

पुढे मिल बंद पडली. शहरात परदेशी थंड पेयांच्या पाट्या लागल्या, आमच्या भिंतीपलीकडे गवत वाढलं. मी भंवरकुआं भागात एका कोचिंग क्लासमध्ये फॉर्म तपासायला लागलो. दाजीकाका मात्र खाटेवर बसले ते बसलेच. काकी रोज त्यांच्यापुढे हात पसरायची, "उठा हो. एकच फेरी."

"लोक हसतील," काका भिंतीकडे बघत म्हणायचे.

मग ती मला धरायची. आता फिरताना तिचे डोळे उघडे असायचे, खाटेकडे लागलेले. मला फार वाईट वाटायचं. मी पळणं सोडून दिलं.

अशीच वर्षं गेली, माझेही केस पिकले. काकी गेली साध्या तापाने. तेरावं झालं, पाहुणे परतले. दुसऱ्या दिवशी मी जेवणाचा डबा घेऊन गेलो, तर खाट रिकामी. काका अंगणात उभे, दोन्ही हात फुलीसारखे पुढे केलेले.

"भिया, मला येत नाही. तुम्ही तिच्याकडून शिकलात ना?"

"काका, लोक हसतील."

"हसू द्या ना यार."

दोन म्हातारे फिरू लागले. समोरच्या गच्चीवर लोक खरंच हसले. काकांची पकड अजून साचेवाल्याची होती. माझी बोटं कळवळली. त्यांनी डोळे मिटले. मी समुद्र कधी पाहिलेला नाही. माझ्या कानात साचे सुरू झाले.

"काका, कानात येतेय का?"

"येतेय. इतकी वर्षं बोलावत होती भिया, मी उठलोच नाही."

त्यांचे हात ढिले पडायला लागले.

"घट धरा," मी म्हणालो, आणि आम्ही आणखी एक फेरी घेतली.