लल्ला शाद्लियाच्या मशीनमधला ऑक्टोपस

लल्ला शाद्लिया रहिवासी संघाची अध्यक्ष झाली ती मतांनी नव्हे, आवाजाने! संघात माणसं ढीगभर, पण काम निघालं की सगळ्यांचे हात खिशात.

"मी सांगितल्याशिवाय तुम्ही नाकावरची माशी तरी हाकलाल का रे?" असं ती दर बैठकीत विचारायची. खरंच कुणी हाकलायचं नाही!

पण आज प्रश्न धक्क्यावरच्या दिव्याचा होता. गेल्या हिवाळ्यात तिच्याच नबीलची होडी अंधारात खडकावर चढली होती. पोरगा वाचला, पण तेव्हापासून होडी बाहेर असली की लल्लाच्या डोळ्याला डोळा लागत नसे. दिवा मंजूर करणारा साहेब आज जेवायला येणार होता. ट्युनिशियाच्या या केरकेना बेटावर पाहुण्याला वाफवलेल्या रव्याचा, ऑक्टोपसचा कुसकुस वाढायची रीत. आणि ऑक्टोपस मऊ हवा तर तो खडकावर खांदा निखळेस्तोवर आपटायचा.

"आपटतील माझे वैरी!" लल्ला म्हणाली. "नबीलने नवं कपडे धुवायचं मशीन आणलंय. गार पाण्यात गरगर फिरवलं, की लोणी!"

अंगणातल्या मशीनमध्ये ऑक्टोपस कोंबून, बटण दाबून ती धक्क्यावर खुर्च्या मांडणाऱ्यांना शिव्या घालायला गेली. आणि त्याच दिवशी संघाला कुठलं वारं लागलं कोण जाणे, माणसं न सांगता कामाला लागली!

आधी आली शेजारची मब्रूका. मशीन फिरतंय, पण फेस नाही. "बिचारी! धावपळीत साबण विसरली." तिने झाकण उचललं. आतलं पाणी एवढं गढूळ, की तिने मनातल्या मनात लल्लाच्या नवऱ्याच्या सदऱ्यांना नावं ठेवली आणि मोगऱ्याच्या वासाची पावडर ओतली. मागोमाग आले संघाचे खजिनदार तिजानी. फेस पाहून त्यांना वाटलं, साहेबापुढे अंथरायची चादरच धुतली जातेय. "पांढरीशुभ्र हवी!" म्हणत त्यांनी वर नीळ सोडली.

लल्ला परतली. झाकण उघडलं. फेसातून एक निळसर पाय लोंबत वर आला.

"हे कोणी केलं?"

"मी!" मब्रूका कौतुकाच्या आशेने पुढे झाली.

"मीसुद्धा!" तिजानींनी छाती फुगवली.

"न सांगता?"

"न सांगता!"

लल्ला मटकन खाली बसली. दुसरा ऑक्टोपस आणायचा कुठून? साहेबाची बोट तर धक्क्याला लागत होती!

ऑक्टोपस धुतला, पुन्हा धुतला, चुलीवर चढवला. पातेल्यावर फेस असा फुगला, जणू भरती वाट चुकून स्वयंपाकघरात शिरली! फेस काढून काढून मब्रूकाचा हात दुखला. शेवटी लल्लाने हरिसाची लालभडक चटणी ओतली, तेव्हा कुठे निळा रंग लाजून जांभळा झाला.

साहेब पडला समुद्रापासून लांबच्या कैरुआनकडचा, जन्मात ऑक्टोपस न खाल्लेला. त्याने पहिला घास घेतला. संघातल्या एकानेही चमचा उचलला नाही.

"वा! हा सुगंध कसला?"

"समुद्राचा," लल्ला पापणी न हलवता म्हणाली.

"मग तुम्ही का थांबलात? घ्या की सगळे!"

घ्यावंच लागलं. तिजानींच्या डोळ्यांत पाणी तरारलं.

"दिव्यासाठी गिळ, मेल्या!" लल्ला हसऱ्या तोंडाने पुटपुटली.

साहेबाने ताटामागून ताट चापलं आणि त्याला उचकी लागली. त्याच्या ओठांतून एक इवलासा बुडबुडा निघाला, तरंगत गेला आणि तिजानींच्या नाकावर फुटला. कोणी हसलं नाही. हसायला तोंड उघडायची कुणाची हिंमतच नव्हती, आणखी बुडबुडे निघाले असते!

"दिवा मंजूर!" साहेब हात पुसत म्हणाला. "उद्घाटनाला आमच्या मोठ्या साहेबांना घेऊन येतो. पण जेवण हेच हं, लल्ला! चव तसूभरही बदलता कामा नये."

बोट दिसेनाशी झाली. लल्ला धक्क्यावरच्या खुर्च्या गोळा करू लागली. मग मब्रूकाकडे मान न वळवताच म्हणाली,

"अगं, ती पावडर... एक मूठ टाकली होतीस, की दोन?"