भागाक्काचं नाक

त्या दिवशी सांजच्याला रामलूच्या दारूच्या दुकानाफुडं कोण कोण होतं ते आधी सांगते. मी होते, आमचे मालक होते. भागाक्का आन तिचा नवरा सोपानदाजी होते. गल्ल्यावर रामलू होता, आन लिंबाखाली टांगा सोडून बाबूमियाँ बसला होता. बाकी लाईनीत वस्तीतले गडी, त्यांची नावं आता ध्यानात न्हाईत. वर सांगितलेल्यातली मी एकटीच उरले, म्हणून मलाच सांगावं लागूलालंय.

भागाक्का दारू निवडायची. पीत नव्हती हां, थेंबभर बी न्हाई. निवडायची. बाया बाजारात वांगी निवडतेत, दाबून, उलटी करून, देठ बघून, तशी. डोक्यावर पदर, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आन हातात बाटली. बूच काढायचं, बाटली नाकाला लावायची, डोळे मिटायचे. तवर मागं लाईनीतले गडी देवळात उभं ऱ्हावं तसे गप.

मंग डोळे उघडून सांगायची. तिचे बोल तीनच. "ही सून हाय," म्हंजे गुमान पोटात जाती, सकाळी माणूस कामाला उठतो. "ही सासू हाय," म्हंजे घशाला चावंल, बोलून घेईल, पर घर मोडणार न्हाई. आन "ही सवत हाय," म्हंजे तोंडाला गोड आन संसाराची राख. सवत म्हणली की लाईन मोडायची, गडी नाल्यापल्याडच्या दुसऱ्या दुकानाकडं चालू पडायचे. माझी सासू हे ऐकून लई चिडायची. सुनेलाच चांगलं म्हणती, हिला सासू कधी भेटली न्हाई वाटतं, असं म्हणायची. भागाक्का सांगायची, भेटली की, म्हणून तर नुसती चावती म्हणले, मारती म्हणले न्हाई.

भारीच्या दारूला ती हात लावायची न्हाई. बाबूमियाँचा टांगा नव्या साहेबलोकांच्या बंगल्यावर जायचा. तिथून त्यानं एकदा इंग्लिश दारूची बाटली आणली, तळाला घोटभर उरलेली. आपा, हिला काय म्हणतीस, म्हणला. अक्कानं बाटली बघितली बी न्हाई. "महागाला काय निवडायचं? त्याला पैसा निवडतो. स्वस्तात चांगलं गावलं तर ते खरं." बाबूमियाँ सोता पीत नव्हता. त्यो निस्ता तिचं नाक बघायला यायचा.

आमी सगळी बिलोलीकडची. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला घर सोडलं, ते परत घर म्हणून झालंच न्हाई. जिथं दगूड तिथं आमची पालं. फुडं लातूर नवा जिल्हा झाला, हापिसं निघाली, बंगले निघाले, रस्ते निघाले, मंग आमी तिथं गेलो. जिल्हा नवा, पर आभाळ जुनंच. त्या साली बी पाऊस न्हाई. म्हैस इकली, मंग शेळी इकली, मंग इकायला काही ऱ्हायलं न्हाई तवा फिकीर बी सरली. पाण्याचा टँकर आला तर आला. बाया घागरीसाठी एकमेकीच्या झिंज्या धरायच्या. दारू मातर रोज यायची. तिला पाऊस लागत न्हाई.

सोपानदाजीचा पाय खडीच्या कामावर धोंड्याखाली गावला होता. पाय वाचला, पर वाकडा ऱ्हायला. रातभर ठणकायचा म्हणून त्यो प्यायला लागला. मंग ठणका गेला आन पिणं ऱ्हायलं. काम बसून करायचा. जाती-पाटे टाकवायचा. गुळगुळीत झालेल्या पाट्यावर छिन्नीनं बारीक बारीक टाके मारायचे, म्हंजे मिरची नीट वाटती. ते डोळ्याचं काम. त्याचा पाटा बघून बाया म्हणायच्या, सोपानदाजीनं रांगोळी काढली.

पिणं सोडावं म्हणून अक्कानं शपथा घातल्या, उपास धरले, भांडून माहेराला गेली. माहेरी दुष्काळ आणखी मोठा, तवा लगीच परत आली.

त्यातच वस्तीतला एक गवंडी कुठली तरी स्वस्तातली पिला. सकाळी उठून बायकोला विचारतो, अजून उजाडलं न्हाई का? ऊन चुलीपोतर आलेलं. त्याचे डोळे परत आलेच न्हाईत. त्या दिसापासून अक्का भांडायची थांबली. दाजीला म्हणली, "तुमी पिणार, ते माझ्यानं सुटंना. पर बाटली मी निवडणार. डोळे गेले तर पाटा कोण टाकवंल?"

तवापासून रोज सांजच्याला वरात निघायची. फुडं अक्का, मागं काठी टेकत दाजी. पाण्याची घागर घेऊन मी बी जायची, टँकर तिथंच थांबायचा. आमचे मालक कधीमधी घ्यायचे, तवा म्हणलं आपली बी बाटली निवडून घ्यावी.

रामलू धर्माबादकडचा, मराठीत तेलुगू कालवून बोलायचा. दुकान परवान्याचं होतं, पर मागच्या खोलीतला माल कुठून यायचा ते त्याला आन त्याच्या देवाला ठावं. अक्का दिसली की "रा अक्का, कूर्चो" करत खुर्ची पुसायचा, चहा मागवायचा. बाटली फुकट देऊ लागला तर अक्का म्हणायची, फुकटची ती सवतच असती. चहा मातर प्यायची.

मंग असं झालं की रामलूकडं नवा माल आला आन अक्कानं त्याला लागोपाठ सवत म्हणलं. एक दिस, दोन दिस, आठवडाभर. सगळं गिऱ्हाईक नाल्यापल्याड. रामलू माश्या मारत बसला. बाईच्या नाकात असं काय हाय ते बघूच, असं त्याच्या मनानं घेतलं असंल.

त्या सांजच्याला, जिचं मी वर सांगितलं, त्यानं गल्ल्याखालून एक बाटली काढली आन बूच काढूनच अक्काच्या हातात दिली. मी शेजारी उभी. माझ्या नाकात भपकन वास शिरला. रॉकेल. आधी वाटलं कंदिलाचा असंल, पर कंदील लांब खांबाला टांगलेला. आमच्या मालकांनी तोंडाला टावेल लावला. लाईनीत गडी एकमेकांना कोपरं मारूलाले. सगळ्यांना कळलं.

भागाक्का मातर डोळे मिटून निवांत. एकदा हुंगलं, परत हुंगलं. तोंडावर काही म्हंजे काही न्हाई.

तिला वास येईना, हे मला तवा उमगलं. आता ही सून म्हणली की खलास. नाकाची इज्जत गेली, आन नाक गेलं की दाजी उद्यापासून मिळंल ती पिणार. मंग त्या गवंड्यावाणी एक दिस त्याला बी उजाडणार न्हाई.

तिनं डोळे उघडले. "ही..." म्हणली, तवर मागून दाजी बोलला.

"आज मला नको."

इतक्या वर्षात त्या तोंडातनं हे कुणी ऐकलं नव्हतं. सगळी लाईन त्याच्याकडं बघूलाली. दाजी काठी टेकत फुडं आला. अक्काच्या हातची बाटली घेऊन रामलूफुडं ठेवली आन म्हणला, "यातनं तुझा कंदील भर, रामलू. बाईच्या नाकाला कामून तरास देतूस?"

अक्काची पापणी बी हलली न्हाई. "मी तेच म्हणूलाले होते," ती म्हणली. "वातीला बरी हाय, माणसाला न्हाई."

मंग जे हसले लोक, ते लिंबावरचे कावळे उडाले. रामलू बी हसला, दुसरं करतो काय. बाबूमियाँ फुडं कितीक दिस टांग्यात बसंल त्याला सांगायचा की आपानं रॉकेल तर वळखलंच, वरून ते कुठल्या रेशन दुकानातलं ते बी सांगितलं.

घराकडं निघालो. फुडं ती दोघं, मागं मी घागर घेऊन. आज काही दोघं मागंफुडं चालत नव्हती, बरोबरीनं चालूलाली. वस्तीच्या वळणाला अक्का थांबली.

"तुमाला कवापासून ठावं?"

"तुझी डाळ करपती," दाजी म्हणला. "रोज करपती. मी खातो."

"मंग बोलला कामून न्हाईत?"

दाजीनं काठीनं जमीन उकरली. "बोललो असतो तर तू रोज सांजच्याला माझ्यासंगं आली असतीस का?"

मी घागर खाली ठेवून उगाच चुंबळ नीट केली. माणसानं कुठं थांबावं ते कळाय पायजे.

दुसऱ्या दिशी मी तिला इचारलंच, बाई, वास येत न्हाई तर निवडत होतीस कशी? ती हसली. म्हणली, खडी फोडताना धूळ बसली ती बसलीच, मोगरा कळंना का शेण कळंना. पर निवडायचं काम ती सकाळीच करून ठेवायची. मजुरांच्या नाक्यावर जाऊन बसायची. कोण कामाला उठून आला, कोण आलाच न्हाई, कुणाचे डोळे तांबडे, कुणाचे हात कापूलाले, सगळं बघायची. मंग पाण्याच्या लाईनीत त्यांच्या बायांना इचारायची, काल रातच्याला कुणाच्या दुकानची घेतली गं? तेवढ्यात सगळं कळायचं. सांजच्याचं हुंगणं ते निस्तं दुकानदारासाठी.

"इचारून सांगते म्हणलं तर मला कोण भेतंय, पोरी? नाकाला भेतेत," ती म्हणली.

दारू सुटली का म्हणाल तर न्हाई. खोटं कामून सांगू. कमी झाली. अक्काला एकही पसंत पडंना अशा सांजा वाढत गेल्या, आन दाजी बी नको तर नको म्हणून रिकाम्या हातानं मागं फिरायचा. जाऊन येणं मातर कधी चुकलं न्हाई. वाटंत दोघं काय बोलायची ते मी ऐकलं न्हाई, पर बोलायची.

दाजीचे डोळे मरूस्तर शाबूत ऱ्हायले. म्हातारपणी अक्काला मोतीबिंदू झाला, तवा तिच्या सुईत दोरा त्योच ओवून द्यायचा, तांदळातले खडे त्योच काढायचा. अक्का आधी गेली. त्या दिसापासून दाजी दुकानाकडं गेलाच न्हाई. मी एकदा इचारलं, दाजी, सांजच्याला दिसत न्हाईत? म्हणला, निवडणार कोण?

वाचणाऱ्यांना माझं एकच मागणं हाय. तुमच्या गावात दारूच्या दुकानाफुडं एखादी बाई उभी दिसली तर तिला नावं ठेवू नका, हसू नका. लाईनीत तिला आधी घेऊ द्या.