सातव्या धड्यापर्यंतचं सुख

घरात शांतता पसरली तेव्हा लिफ्टच्या मेकॅनिकला वाटलं, टीव्ही बिघडला असेल. त्याने तो उघडूनही पाहिला. टीव्ही ठीक होता. त्याची आई आणि बायको इंग्रजी संभाषणाच्या क्लासला जाऊ लागल्या होत्या. बायकोने नाव घातलं म्हणून आईनेही घातलं, आणि मॅडमनी पहिल्याच दिवशी अट घातली की कोर्स संपेपर्यंत घरीही एकमेकींशी इंग्रजीतच बोलायचं.

सात धडे झाले होते. ओळख, हवापाणी, विचारपूस, आभार. एवढ्या सामानात टोमणा मारणं अवघड होतं. भाजीत मीठ जास्त पडलं की आई बराच वेळ शब्द शोधायची आणि शेवटी "थँक यू" म्हणायची. लग्नाच्या बारा वर्षांत पहिल्यांदाच मेकॅनिक पोटभर जेवत होता.

एका संध्याकाळी त्याने बायकोच्या पुस्तकाचं पुढचं पान उलटलं. आठवा धडा: तक्रार करणे.

दुसऱ्या दिवशी त्याने मॅडमना फळा पुसताना गाठलं. "सातवाच धडा परत घ्या. दोघी अजून कच्च्या आहेत."

"तुमच्या आई चांगल्या पक्क्या आहेत," मॅडम म्हणाल्या. "परवा त्यांनी माझे चार वेळा आभार मानले. मी तेव्हा नुसती शिंकले होते."

वर्गात नऊ वर्षांच्या मुलीपासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत चौदा जण होते. एका घराच्या सोयीसाठी त्यांनी किती दिवस हवापाण्यावर बोलायचं, असं मॅडमनी विचारलं. आजोबांनी त्या मुलीला आठवड्यात अकरा वेळा ऊन छान पडल्याचं सांगितलं होतं, आणि त्यातले चार दिवस ढगाळ होते.

पण मेकॅनिक हट्टाला पेटला होता. क्लास सहाव्या मजल्यावर भरायचा आणि त्या इमारतीची लिफ्ट त्याच्याच देखभालीत होती. दोन मजले चढले की आईचे गुडघे संप पुकारत. आई नसेल तर बायकोला तरी शिकायची काय घाई? आठव्या धड्याच्या दिवशी त्याने तळमजल्यावर 'दुरुस्ती चालू'ची पाटी लावली, गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जाऊन मेन स्विच बंद केला, आणि पाटी खोटी ठरू नये म्हणून हातात पाना धरून बसला.

थोड्या वेळाने त्याने जिन्यात डोकावून पाहिलं. सून आपल्याआधी आठवा धडा शिकणार, या एका विचाराच्या बळावर आई पाचव्या मजल्यावर पोचली होती. तिच्या दंडाला धरून बायको चालली होती, दोघींच्या पिशव्या एकाच खांद्यावर घेऊन.

धापा टाकणारे चौदा विद्यार्थी पाहून मॅडमनी पुस्तक मिटलं आणि लिफ्टच्या पाटीवरचा तक्रारीचा नंबर फळ्यावर लिहिला. ज्याने त्याने फोन करायचा. त्या नंबरवरचे फोन कंपनी त्या त्या इमारतीच्या मेकॅनिककडे वळवायची.

पहिला फोन नऊ वर्षांच्या मुलीचा आला. तिने त्याचं नाव विचारलं, स्पेलिंग विचारलं आणि लिहून घेतलं. आजोबांनी आधी ऊन छान पडल्याचं सांगितलं, मग झापलं. फोन कापायची सोय नव्हती, कारण कंपनी सगळं रेकॉर्ड करत असे. तो आवाज जाड करून प्रत्येकाला "सॉरी" म्हणत राहिला.

तेरावा फोन बायकोचा होता. "युअर सर्व्हिस इज व्हेरी बॅड," ती म्हणाली. "माय मदर-इन-लॉ इज अ ब्रेव्ह लेडी." मग तिने फोन आईकडे दिला.

"आय अ‍ॅग्री विथ माय डॉटर-इन-लॉ," आई म्हणाली.

बारा वर्षांत हे वाक्य कोणत्याच भाषेत झालं नव्हतं. मेकॅनिकच्या हातातला पाना खाली पडला.

"आणि बाळा," आई मराठीत पुढे म्हणाली, "आवाज बदलू नकोस. घसा बसेल."

त्याने स्विच चालू केला आणि सहाव्या मजल्यावर उतरून वर्गाच्या दारात उभा राहिला. चौदा माना वळल्या. मॅडमनी शेवटच्या बाकाकडे बोट दाखवलं आणि त्याच्यासमोर एक नवंकोरं पुस्तक ठेवलं. कुठून सुरू करायचं, त्यांनी विचारलं.

त्याने अनुक्रमणिकेवरून बोट फिरवलं. "हा नववा. माफी मागणे."

"तो पुढच्या महिन्यात," मॅडम म्हणाल्या. "आठवा मोठा आहे."

पुढच्या बाकावर आई आणि बायको एकाच पुस्तकात डोकं घालून वाक्यांवर खुणा करत होत्या.