उस्तादांचा डावा गाल

चित्रावरचं कापड बाजूला झाल्यावर आत्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "दादाचा डावा गाल कुठंय?"

"आहे तिथंच," उस्तादांची लेक म्हणाली. "अंधारात आहे."

"अगं, लोकांच्या घरात उजेड पाडण्यात जन्म गेला त्याचा. आणि तू त्यालाच अंधारात बसवलंस?"

प्रश्न बिनतोड होता. उस्तादांनी चाळीस वर्षं विजेची कामं केली होती. स्वतःच्या घरात तर त्यांनी इतके दिवे लावले होते, की हरवलेली सुई शरमून स्वतःहून वर यायची. त्यांना जाऊन आता आठ महिने झाले होते. दुकानामागच्या ज्या खोलीत त्यांचे बावीस कारागीर सकाळी कामं वाटून घ्यायचे, तिथे, मीटरच्या बोर्डाशेजारी, त्यांचं चित्र लागायचं होतं. लेकीचा हात नावाजलेला, त्यामुळे दुसऱ्या कोणाला सांगायचा प्रश्नच नव्हता. तिने काळ्या-तपकिरी अंधारातून उजवा गाल, कपाळाची कड, नाकाचा शेंडा आणि दातांत धरलेला वायरचा तुकडा एवढंच बाहेर काढलं होतं. बाकीचं बघणाऱ्याने समजून घ्यायचं.

कारागीर समजून घेत नाहीत, तपासून घेतात. त्यांच्यातला सगळ्यात जुना म्हणजे टेस्टर. उंच, किडकिडीत, आणि कुठे काही बिघडलं की आधी याच्या चेहऱ्यावर दिवा लागायचा, म्हणून टेस्टर. त्याने चित्र जळक्या बोर्डासारखं वरून खाली पाहिलं.

"ताई, हा उजेड कुठल्या पॉइंटवरून आलाय?"

"खालून."

"खालून कसा येईल? जमिनीपासून तीन फुटांवर बल्ब लावला असता तर उस्तादांनी हाकलून दिलं असतं मला."

लेकीने कापडाची घडी घालायला घेतली. चित्र समजावून सांगावं लागत असेल तर ते पुन्हा काढावं, असं तिचं मत होतं, आणि हे चित्र पुन्हा काढायची गरज नाही याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

आत्या मात्र तयारीने आल्या होत्या. परवान्यासाठी काढलेला उस्तादांचा फोटो त्यांनी मोठा करून रंगवून घेतला होता. त्यात दोन्ही कान, दोन्ही गाल, सगळं जोडीने हजर होतं; फक्त उस्ताद नुकतेच चोरीच्या आळातून सुटल्यासारखे दिसत होते. बरीच चर्चा होऊन ठरलं ते असं, की रविवारी चार वाजता कार्यक्रम, आणि तोपर्यंत डावा गाल दिसला नाही तर भिंतीवर फोटो लागेल.

"दिसेल," लेक म्हणाली. "दिवा मात्र एकच लावा. मी खूण करते तिथे." बोर्ड आणि चित्र यांच्या मधल्या भिंतीवर तिने खडूने फुली मारली आणि ती निर्धास्तपणे घरी गेली.

बावीस वायरमनांच्या भरवशावर एक फुली सोडून जाणं, ही तिची चूक.

फुली जमिनीपासून तीन फुटांवर होती. टेस्टरला वाटलं, पोरीचा खडू घसरला असेल. त्याने दिवा रीतसर सात फुटांवर लावला. डावा गाल दिसेना, म्हणून दुसरा दिवा डावीकडून लावला. मग होल्डर आला. याने एकदा मत धरलं की दाबून पिळल्याशिवाय ते सुटत नसे. त्याचं मत पडलं, की नाकाची सावली ओठावर पडतेय. म्हणजे तिसरा दिवा. तिसऱ्याने रंग चमकायला लागला, ती चमक मारायला चौथा. दुसऱ्याने केलेलं कनेक्शन त्याला विचारल्याशिवाय काढायचं नाही, हा उस्तादांचाच नियम. त्यामुळे दिवे वाढत गेले, कमी होण्याची काही सोयच नव्हती. पुढे तर गाल राहिला बाजूला. कामावर निघता निघता जो तो म्हणायला लागला, उस्तादांसाठी माझ्याकडून एक. शनिवारपर्यंत नऊ बल्ब झाले होते, आणि गोदामातला एक हॅलोजनही येऊन उभा राहिला होता.

रविवारी लेक आली तेव्हा खोली भट्टीसारखी तापली होती. काळा रंग राखाडी दिसत होता, ब्रशचा अडकलेला केसही मोजता येत होता, आणि मधोमध उस्ताद भाजून निघाल्यासारखे बसले होते.

"आता बोला," होल्डर अभिमानाने म्हणाला.

आत्या चित्राला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या. मग सावकाश वळल्या. "इथं गाल नाहीच. नुसता रंग फासलाय. तू काढलाच नाहीस."

बावीस माणसं लेकीकडे बघायला लागली. हे खरं होतं. गाल तिने सात वेळा काढला होता आणि सात वेळा पुसला होता.

"फोटो आणा रे," आत्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, हे त्यातल्या त्यात बरं. सगळे घामाघूम झालेत तर निदान चहा तरी द्यावा, म्हणून त्यांनी विजेची किटली लावली आणि बटण दाबलं.

खोलीला खिडकी नव्हती, आणि रविवार असल्यामुळे पुढचं शटर बंद होतं. अंधार झाला तो असा, की डोळे उघडे की मिटलेले ते कळेना.

"फ्यूज," कोणीतरी म्हणालं.

"हो," एकवीस जणांनी दुजोरा दिला.

कार्यक्रमासाठी इस्त्रीचे कपडे घालून आलेल्या त्या बावीस वायरमनांपैकी एकाच्याही खिशात टॉर्च नव्हती. या बोर्डाचा फ्यूज उस्तादांनी स्वतःच्या हाताने भरला होता, बारीक एकेरी तारेचा. जाड तार घाला म्हणून कारागीर वर्षानुवर्षं मागे लागले होते. उस्तादांचं उत्तर ठरलेलं: तार जाड केली की फ्यूज उडत नाही, घर उडतं.

टेस्टर चाचपडत बोर्डाजवळच्या खिळ्यापाशी गेला. उस्तादांची पोचे पडलेली टॉर्च तिथेच लटकत होती.

"ताई, धर."

लेकीने टॉर्च घेतली आणि त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली. उभी कसली, वाकलीच. हात आपोआप कमरेच्याही खाली गेला, नऊ वर्षांच्या मुलीचा हात पोचेल तिथवर.

"माझ्या तोंडावर नको मारू. तारेवर मार," टेस्टर म्हणाला. शब्द उस्तादांचे, वैतागही त्यांचाच. हे वाक्य त्या खोलीतल्या प्रत्येकाने उमेदवारीत ऐकून घेतलं होतं.

टेस्टरने तारेचा तुकडा दातांत धरला. बोर्डावरून परतलेला उजेड त्याच्या उजव्या गालावर आला, कपाळाच्या कडेवर, नाकाच्या शेंड्यावर. बाकी अंधार. आणि तोच उजेड पुढे शेजारच्या चित्रावर गेला. तिथेही तोच गाल, तेच कपाळ, तोच दातांतला तुकडा. कोणी हललं नाही.

"जरा चित्राकडे वळव की," होल्डर हळूच म्हणाला.

"काम होईपर्यंत टॉर्च हलवायची नाही," लेक म्हणाली.

अंधारातून आत्यांचा आवाज आला. "आणि डावा गाल?"

"मला तो कधी दिसलाच नाही, आत्या. मी टॉर्च धरून कायम या बाजूला उभी असायचे."

टेस्टरने मान वळवून तिच्या हाताकडे पाहिलं. टॉर्च खडूच्या फुलीवर टेकली होती. त्याने दातांतली तार काढली.

"पॉइंट सापडला," तो म्हणाला.

फ्यूज भरून झाला, तरी मेन स्विच चालू करायची घाई कोणी केली नाही. दिवे उतरवायला मात्र दोन दिवस लागले, कारण प्रत्येकाला विचारून काढायचे होते. आता तिथे एकच बल्ब आहे, तीन फुटांवर, विजेच्या कामाचे सगळे संकेत मोडून. येणाऱ्याजाणाऱ्याच्या मांडीला तो लागतो, आणि टेस्टर त्यालाच दम देतो.

आत्या फोटो परत घेऊन गेल्या. पण आठवड्यातून एकदा त्या दुकानात येतात आणि चित्राच्या दुसऱ्या बाजूला, त्या काळ्या रंगासमोर, स्टूल ओढून बसतात. तिथून काय दिसतं, असं होल्डरने एकदा विचारलं.

"तुला नाही दिसायचं," आत्या म्हणाल्या. "मी जेवायला त्याच्या डावीकडे बसायचे."