नऊ नंबरचा बाप

"हॉकी ती हॉकीच! खाली माती असली काय नि बर्फ असला काय!"

हे वाक्य श्रीनाथ आठल्येने त्या वर्षी दुबईतल्या झाडून सगळ्या मराठी माणसांना ऐकवलं होतं. अल कुसैसमध्ये त्याचा एसीच्या डक्टचा धंदा. सांगलीच्या कॉलेजात तो हॉकीच्या संघात होता, हे खरं. राखीव होता आणि मैदानात गेला तो फक्त पाण्याच्या बाटल्या घेऊन, हेही खरं. पण हे दुसरं खरं त्याने भारतातच ठेवलं होतं. वीस किलोच्या सामानात काय काय बसणार!

त्याची तेरा वर्षांची मुलगी पर्णिका बर्फावरची हॉकी खेळायला लागली आणि श्रीनाथच्या अंगात पुन्हा कॉलेज संचारलं. बाहेर पंचेचाळीस डिग्री, डांबर वितळतंय, आणि हा पठ्ठ्या माकडटोपी आणि दोन स्वेटर चढवून बर्फाच्या रिंकच्या काचेशी बसलेला! हातात नवा कोरा हॅंडीकॅम. लतिका, म्हणजे त्याची बायको, एकदाच आली. "थंडी नको म्हणून पुणं सोडलं, ती इथे येऊन सोसू?" असं म्हणून जी गेली, ती परत फिरकली नाही.

श्रीनाथ मात्र दर शुक्रवारी हजर. पर्णिका फॉरवर्ड, तिचा नंबर नऊ. तो नऊ नंबरवर कॅमेरा धरायचा आणि वरून खणखणीत मराठीत कॉमेंट्री करायचा.

"बघा बघा, माझी वाघीण निघाली! काय तो वेग! आणि हा चौदा नंबर बघा. पडला! आता हा उठेपर्यंत आपण चहा पिऊन येऊ. म्हैस डबक्यात बसावी तसा बसलाय नुसता! कुणाचं कार्टं आहे देव जाणे!"

आजूबाजूला गोरे, लेबनीज, फिलिपिनो आईबाप. शेजारच्या खुर्चीवर काळ्या पायघोळ अबायातली एक अरब म्हातारी. मराठी कोण समजणार? श्रीनाथ तिला दरवेळी "सलाम आलेकुम, हबीबी!" म्हणायचा. ती बुरख्याआड खुसूखुसू हसायची. याला वाटायचं, छाप पडली!

सामना संपला की तो घाईघाईने गाडी आणायला जायचा, एसी लावून ठेवायचा. पर्णिका कपडे बदलून यायची. "वाघीण!" म्हणून तो तिच्या पाठीवर थाप मारायचा. ती गप्प बसायची. दमली असेल बिचारी!

मार्चमध्ये कोच ब्रायनने पालकांना मुलांसकट बोलावलं. अबू धाबीच्या स्पर्धेसाठी फॉरवर्डची एकच जागा उरली होती, दावेदार दोन: पर्णिका आणि एक मुलगा. तो मुलगा म्हणजे चौदा नंबरच, असं श्रीनाथने धरूनच टाकलं. "प्रत्येक पालकाने आपापल्या मुलाबद्दल बोलायचं," कोच म्हणाला. "जमेची बाजू काय, आणि सुधारणा कुठे हवी. प्रामाणिकपणे!"

श्रीनाथने आदल्या दिवशीच लतिकाला सांगून टाकलं, "जागा आपलीच! मी टेपच दाखवतो. पुरावा!"

पालक एकेक करून उठले. एक आई म्हणाली, माझा मुलगा फार उदार आहे, हाच त्याचा दोष. एक बाप म्हणाला, माझा फार मेहनत करतो, त्याला जरा आराम करायला शिकवा. कोचचा चेहरा पडत चालला होता.

मग श्रीनाथ उठला. टीव्ही लावला, टेप सरकवली आणि इंग्रजीत गरजला, "फर्स्ट, स्ट्रेंग्थ्स!"

पडद्यावर नऊ नंबर सुसाट सुटलेला. वेग, वळण, गोलसमोर बिनधास्त घुसणं, श्रीनाथने एकेक गुण टेप थांबवून थांबवून दाखवला. लोक एकमेकांकडे बघायला लागले. प्रभाव! त्याला आणखी चेव आला.

"नाऊ, इम्प्रूव्हमेंट! लूक ॲट फोर्टीन!" आता आपल्या वाघिणीचा प्रतिस्पर्धी त्याने सोलायलाच घेतला. "खाली मान घालून खेळतो, समोर कोण आहे बघत नाही. काठीवरची चकती गेली की परत मागे धावत नाही, उभाच राहतो. आणि पडला की उठायला उशीर!" टीव्हीतून त्याचाच आवाज मराठीत खदखदत होता.

कोच उठून उभाच राहिला! "ब्रिलियंट! पहिला प्रामाणिक बाप! आधी आदर्श म्हणून दुसऱ्याचा मुलगा दाखवला, मग स्वतःच्या मुलीच्या चुका! असं धैर्य मी पाहिलं नव्हतं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. श्रीनाथ हसत होता. स्वतःच्या मुलीच्या? कुठल्या मुलीच्या?

तेवढ्यात पडद्यावर नऊ नंबरने हेल्मेट काढलं. आतून घामेजलेला, कोवळी मिसरूड फुटलेला एक मुलगा बाहेर आला आणि कॅमेऱ्याकडे बघून दात काढून हसला.

श्रीनाथ पडद्यासमोर आडवा उभा राहिला. आजवर हे हेल्मेट निघेपर्यंत तो गाडीकडे पळालेला असायचा! त्या दिवशी तो बहुतेक चालू कॅमेरा खुर्चीवरच विसरून गेला असावा.

"पण टेपवर हे काय बोलताहेत?" कोचने विचारलं.

शेवटच्या रांगेतून ती अबायावाली म्हातारी उठली. तिने आधी हिंदीमिश्रित इंग्रजीत कोचला सांगितलं, "ही सेज, हिज डॉटर सिट लाइक भैंस इन पाणी!" मग श्रीनाथकडे वळून अस्सल कोकणी हेलात म्हणाली, "भावा, मी दाभोळची. मैमुनाबी. लग्न होऊन इकडे आले तेव्हा इथे बरफ पाण्याच्या गिलासातसुद्धा नव्हता! नऊ नंबर तो माझा नातू, सैफ. सहा महिने झाले, तू त्याचं कौतुक करतोस, आपल्या पोरीला शिव्या घालतोस. म्हटलं, केवढ्या मोठ्या मनाचा बाप!"

सभागृह अजून त्या म्हशीवरच हसत होतं. श्रीनाथने पुढच्या रांगेत बघितलं. पर्णिकाचे कान लाल झाले होते. ती बुटांच्या नाड्यांकडे बघत होती, जणू त्या आजच पहिल्यांदा दिसल्या.

आता बोलायचं काय? 'मला माझी मुलगी ओळखता येत नाही' असं सांगायचं, की मोठ्या मनाचा बाप व्हायचं? श्रीनाथ मान खाली घालून टाळ्या घेत राहिला. कोचने तिथल्या तिथे निकाल दिला: सैफ अबू धाबीला जाणार, पर्णिका राखीव.

राखीव! तो शब्द कानात गेला आणि श्रीनाथला सांगली आठवली.

गाडीत बसल्यावर त्याने एसी फुल्ल केला, मग विचारलं,

"तुझा नंबर नऊ होता ना गं?"

"जर्सी टाइट झाली होती, बाबा. ऑक्टोबरमध्ये चेंज केला, फोर्टीन घेतला. आय टोल्ड यू. ॲट डिनर. तुम्ही फोनवर होतात, म्हणालात, खलास, डन."

"मग मी सैफला वाघीण म्हणून ओरडत होतो, तेव्हा का नाही बोललीस?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आय थॉट यू न्यू. वाटलं, सैफ बेटर आहे म्हणून तुम्ही त्यालाच बघता."

शारजाच्या रस्त्यावरचा सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न वाजले, तरी श्रीनाथची गाडी जागची हलली नाही.

दुसऱ्या दिवशी तो कोचकडे गेला आणि खरं सांगून टाकलं. अगदी सांगलीच्या पाण्याच्या बाटल्यांसकट. "माझ्यामुळे तिची जागा गेली. मला चौदा नंबर तिचा आहे हे माहीतच नव्हतं!"

कोच बराच वेळ हसला. मग गंभीर झाला. "जागा मी आधीच ठरवली होती, मिस्टर आठल्ये. पण तुम्ही सांगितलेल्या तिन्ही चुका बरोबर होत्या. फक्त एक गोष्ट सांगायची राहिली. वर्षभरात ती सगळ्यात जास्त वेळा पडली आणि एकदाही रडून बाहेर गेली नाही. ते तुमच्या टेपवर कुठेच नाही."

श्रीनाथ "थॅंक्यू" म्हणाला आणि घरी जाऊन हॅंडीकॅम कपाटात ठेवून दिला.

पुढच्या शुक्रवारी तो सरावाला गेला. कॅमेरा घरी. मैमुनाबीने सरकून जागा दिली. तो ओशाळून म्हणाला, "मावशी, नंबरावर माझा आता भरवसा नाही. यात माझी कुठली ते आधी दाखवा."

"ती बघ, कोपऱ्यातली. आता पडली ती!"

श्रीनाथ ताडकन उठला, काचेला नाक लावलं. चौदा नंबर गुडघ्यावर आला, काठी टेकवली, उभा राहिला!

"उठली! उठली! शाबास पर्णिका! काय उठलीस गं!" तो इतक्या जोरात ओरडला, इतक्या टाळ्या वाजवल्या की सगळा सराव थांबला. वीस हेल्मेटं त्याच्याकडे वळली. डोळे भरून आल्यामुळे त्याला त्यातलं एकही नीट दिसेना.

मैमुनाबीने त्याचा स्वेटर ओढून त्याला खाली बसवलं.

"बस रे भावा. आज सगळीच पडणार आहेत. कोच पडायलाच शिकवतोय!"