कपाटात वास आहे

"सोमवारी साहेब, तुम्ही दारातून आत याल आणि म्हणाल, इथे केक कुणी भाजला? नाही म्हणालात तर मी स्वतःला बुरशीबाई म्हणवून घेणार नाही!"

प्रयोगशाळेत तिला सगळे बुरशीबाईच म्हणत. घरी ती सूनबाई. दोन्ही नावं एकाच दिवशी धोक्यात येतील, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं.

साहेब म्हणाले, "वास आला तर प्रकल्प चालू. नाही आला तर तुम्ही गवत विभागात."

(इथे गोष्ट थांबवून बुरशीची ओळख करून देणं भाग आहे. रंगाने शेंदरी. मेलेल्या ओंडक्यांवर वाढते. लाकूड ज्याच्यामुळे टणक राहतं, नेमकं तेच चावून खाते. कोंड्यातून फेरुलिक नावाचं एक आम्ल काढतात. ते तिला पाजलं की ती त्याचे तुकडे करते, आणि त्यातल्या एका तुकड्याला व्हॅनिलाचा वास येतो. मात्र या खोडखाऊ बाईला एक खोड आहे. वेळेवर काढून घेतला नाही, तर ती तो वासही खाऊन टाकते.)

शुक्रवारी प्रयोगशाळेतली उबदार पेटी बंद पडली. बुरशीबाईने बुरशी वाढवलेला काचेचा चंबू पदराखाली झाकून घरी आणला. त्याला ऊब हवी, अंधार हवा, आणि कुणाचा हात लागायला नको. अशी घरात एकच जागा होती. सासऱ्यांचं कपाट! गरम पाण्याच्या नळाच्या भिंतीला टेकलेलं, ते गेल्यापासून बंद. तिने चंबू पार मागे, कपड्यांच्या आड ठेवला.

सासरे जन्मभर बेकरीत केक भाजत आणि संध्याकाळी व्हॅनिलाचा वास घेऊन घरी येत. हे तिला तेव्हाच आठवायला हवं होतं. हुशार माणसांना असल्या गोष्टी नंतर आठवतात.

शनिवारी दुपारी तिने कपाटाच्या फटीला नाक लावलं आणि आनंदाने ओरडली, "आई! कपाटात वास आहे!"

मागे सासूबाई उभ्या होत्या. पांढऱ्याफटक.

"तुलाही कळलं? मला सकाळपासून वाटतंय. वास आहे गं. त्यांचाच वास आहे."

"त्यांचा नाही हो, तो..."

"हळू बोल! इतक्या वर्षांनी माणूस राहायला आलाय."

मराठीत वास म्हणजे गंध आणि वास म्हणजे मुक्काम. शब्द वाचवायची काटकसर कुणाची, आणि भोगायचं कुणी!

सासूबाईंनी कपाटाला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि समोर खुर्ची टाकली.

कपाट म्हणालं, टक.

"एक म्हणजे हो," सासूबाईंनी ठरवून टाकलं. "दोन म्हणजे नाही."

दमट लाकूड फुगतं, फुगलं की वाजतं, असं बुरशीबाईने स्वतःला समजावलं. मग नवऱ्याला गाठलं.

"सांग ना आईंना."

"तू सांग. वास तुझा."

"आई तुझी!"

इतक्यात बंद खोलीतून हसू ऐकू आलं. नवरा जागीच थबकला. "आई हसतेय," तो म्हणाला. "बाबा गेल्यापासून पहिल्यांदा."

मग कोण सांगणार? आणि आत ती शेंदरी बया जेवत बसलेली!

सोमवारी सकाळी सासूबाई अंघोळीला गेल्या. किल्ली खुंटीवर. बुरशीबाईने कुलूप काढून कडीला तसंच लटकवलं, चंबूसाठी आत हात घातला, पुरला नाही, म्हणून एक पाय घातला, मग दुसरा. तेवढ्यात पावलं वाजली! तिने दार आतून ओढून घेतलं.

मिट्ट काळोख. सासऱ्यांच्या बेकरीतल्या कोटाची बाही तिच्या खांद्यावर पडली, जणू कुणी हात ठेवला. तिने चंबूचं कापसाचं बूच काढून हुंगलं.

काही नाही. धुतलेल्या काचेसारखं. सगळं खाऊन झालं होतं.

पण कपाटात वास होताच! मघापेक्षा जास्त. तिच्या कानामागे. आणि कोमट.

खुर्ची सरकली. "अहो, आहात ना?"

बुरशीबाईने श्वास रोखला.

"अहो?" आवाज एवढासा झाला. "गेलात?"

तिला राहवलं नाही. चंबूच्या बुडाने तिने फळीवर वाजवलं. टक.

"मी मेली घाबरले! जेवलात?"

टक.

"शेवटच्या दिवशी मी तोडून बोलले. त्याचा राग गेला ना?"

टक! ही टक तिने जरा जोरातच दिली. बाहेर बराच वेळ नाक ओढण्याचा आवाज आला.

"बरं झालं बाई. आणि सून? चांगली आहे ना आपली?"

अशी संधी पुन्हा येत नसते! बुरशीबाई अंधारात हसली आणि तिने ठणकावून वाजवलं.

टक.

मग तिच्या पाठीमागून, जिथे भिंतीशिवाय काही नव्हतं तिथून, सावकाश, विचार करून आल्यासारखी...

टक.

"नाही ना?" सासूबाई म्हणाल्या. "मला वाटलंच होतं."

बुरशीबाई सध्या गवत विभागात आहे. दमट लाकूड फुगतं आणि वाजतं, हे ती कुणालाही पटवून देते, आकृती काढून. फक्त रोज सकाळी त्या कपाटापुढे चहा ठेवते आणि हळूच विचारते, "बाबा, साखर बरोबर आहे ना?"

लाकडाला!